मळायचं नाही

टिशू पेपरवर लिहून दिलंय बेनेडिक्टने,
नवव्या डेकवर, भटारखान्याच्या दारात उभं राहून:
मैदा अकरा किलो, लोणी तीन, अंडी चोवीस.
वसईचा पोरगा. म्हणाला,
"काका, मला कमी माणसांचं येतच नाही."
खाली दोन रेघा मारून: मळायचं नाही.

आम्ही दोघंच. घोडपदेवला, तिसरा मजला.
कॅलेंडरच्या पाठीवर मी भागाकार करत बसलो.
मैदा आला दोन वाट्या,
लोणी अडुसष्ट ग्रॅम,
अंडं मात्र अर्ध्याहून जरा जास्त.
ते 'जरा' कसं फोडायचं
हे बेनेडिक्टला विचारायचं राहिलं.

आणि शालनला, मळू नकोस, हे कुणी सांगावं?
माझ्या पहिल्या पाळीच्या डब्यासाठी
पहाटे पाचला जिने इतकी वर्षं कणीक तिंबली
तिच्या मनगटाला पिठाशी असं तुटक वागता येत नाही.
"नुसतं गोळा कर," मी म्हणालो, "बोटांच्या टोकांनी."
"परक्याचं असल्यासारखं?"
आणि तळवा लावलाच.

पहिला घाणा फोडायला बत्ता लागला.
समोरच्या राठोडबाई म्हणाल्या, बाटी छान झालीय, तूप घाला.
दुसरा आतून ओला. मांजराने हुंगला,
आमच्याकडे एकदा बघितलं, आणि गेलं.

चौतीस वर्षं मी जहाजं जोडली, माझगावात.
लोखंडाचा रंग बघून सांगायचो किती तापलंय.
पाण्यात सोडताना नारळ फुटायचा, पेढा मिळायचा,
जहाज जायचं तिकडे,
मी सायकल काढून इकडे.
लेकीने क्रूझची तिकिटं हातात ठेवली
तेव्हा शालनने एवढंच विचारलं,
"जेवण धरून ना?"

तिथे चार वाजता हातमोजे घातलेली मुलं
स्कोन आणायची, रुमालात गुंडाळलेले, अजून ऊन.
सोबत इवल्याशा वाटीत काहीतरी घट्ट, पिवळसर,
ज्याचं नाव दोनदा विचारूनही कळलं नाही.
शालनने बोटावर घेतलं, चाखलं,
आणि अख्ख्या डेकला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"अहो, ही तर साय!"
मला ऐकू आलं, पण मी कठड्याचा जोड चाचपत होतो.
शिवण सरळ होती.
कुणीतरी घाई न करता ओढलेली,
आणि मग बहुतेक सायकल काढून घरी गेलेला.

आज तिसरा घाणा.
शालनने डावा हात कमरेला खोचलेल्या पदरात कोंडला,
उजव्याची फक्त बोटं पिठात, गुदगुल्या केल्यासारखी.
पेल्याच्या तोंडाने सहा चकत्या पाडल्या,
उरल्यासुरल्याचा एक वाकडा सातवा.
फ्रिजमधली चार दिवसांची साय काढली,
जिचं खरं तर उद्या लोणी व्हायचं होतं,
आणि बहिणीकडून आलेला करवंदाचा मुरंबा.
मी ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसलो.
तांबूस व्हायच्या आधी एक रंग येतो,
त्याला नाव नाही, पण मला तो ओळखता येतो.
तेव्हा काढले.

मधोमध आपसूक उकलले.
शालनने एक खाल्ला. बराच वेळ काही बोलली नाही.
"झालेत," म्हणाली. मग, "पण तसे नाहीत."
मी पुन्हा कागद पाहिला. मीठ होतं. सगळं होतं.

ती उठली, वाकली,
आणि टेबलाच्या आखूड पायाखालचा पुठ्ठा काढून घेतला,
जो मीच घडी घालून बसवला होता
लेक दहावीला असताना.
टेबल डुललं.
कपातला चहा या काठावरून त्या काठावर गेला,
थोडा बशीत उतरला.

"आता खा," ती म्हणाली.

मी कोपर टेकलं,
जरा मुद्दामच.